आमच्यात जाळीत न्हाईत

भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीजवळच्या एका गावात झिमझिम पाऊस लागला होता. पारूबाई आपल्या लेकाच्या, रेवणसिद्धच्या मढ्याला धरून चिखलात बसली होती. शेजारी सुनेचं मढं तिनं गोधडीखाली झाकून ठेवलं होतं. ढिगाऱ्यातून निघालेली मढी जवान उचलून नेत होते आणि गावाबाहेर एकाच सरणावर सगळ्यांना अग्नी देत होते.

"आजी, सोडा. रोगराई पसरेल. वरून हुकूम आहे," तहसीलचा साहेब म्हणाला.

"आमच्यात जाळीत न्हाईत. पुरत्यात."

"ही काय रीतभात बघायची वेळ आहे?"

"मग मलाबी उचला त्याच्यासंगं."

दोन जवानांनी तिचे हात सोडवून पाहिले. मिठी सुटेना. शेवटी साहेब वैतागून पुढच्या गल्लीकडे वळला.

आपल्या शेताच्या बांधाकडेला तिनं एकटीनं खड्डा खणला. लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात. पण रेवणसिद्धचं अंग ताठलं होतं. आडवाच ठेवला. विभूती कुठली मिळायला? चुलीतली राख कपाळाला लावली. परत आली तर गोधडीखाली झाकून ठेवलेली सून, महानंदा, जागेवर नव्हती. पारूबाई सरणाकडं धावली. तिथं कोण कुणाचं, हे ओळखण्यापलीकडं गेलं होतं.

पुढं नव्या गावात सरकारी घरं मिळाली. सुरुवातीला लोक म्हणायचे, म्हातारी खमकी हाय. मग हळूहळू बाया नळावर तिला बघून तोंड फिरवू लागल्या. आपलं काय चुकलं, तिला कळेना.

एके संध्याकाळी शेजारचा धोंडप्पा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या दोन्ही पोरी त्या सरणावर गेल्या होत्या.

"पारूअक्का, तू दिसलीस की त्यो दिवस आठवतो. मीबी अडवायला पायजे होतं. मी नुसता हात जोडून हुबा होतो."

"मी तरी कुठं अडवलं, धोंडप्पा? एकाला धरून बसले, दुसरी गेली."

"तुला जाऊन बसायला जागा तरी हाय."

"चल की मग," ती म्हणाली. "तिथंच बस तूबी."

सोमवारी तो तिच्यासोबत बांधावर गेला. समाधीकडं पाठ करून, गुडघ्यात डोकं घालून बसला आणि "माझ्या पोरी हितं न्हाईत," म्हणत उठून निघाला.

त्यानंतर धोंडप्पा तिच्या दारावरनं कधी गेला नाही. शेताला जायला त्यानं लांबची वाट धरली.