तेजराम फुंडेंचं मुट्टपळम

लोखंड तयार झालं की नाही हे तेजराम फुंडेला नुसत्या रंगावरून कळायचं. भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये कुणालाही विचारा. भट्टीच्या भोकाशी निळी काच धरायची, आत डोकावायचं आणि सांगून मोकळं व्हायचं, "अजून वेळ आहे," नाहीतर "झालं, चला." यंत्राचा आकडा मागाहून यायचा आणि बहुतेक वेळा तेजरामचीच री ओढायचा. साकोलीकडच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा पोरगा चौतीस वर्षं तिथल्या पोलाद कारखान्यात या डोळ्यांच्या जोरावर जगला. पण गर्व असा अंगात भिनला होता की काय सांगू! बाजारात टमाटर घेतानाही भाजीवाल्याला रंग शिकवायचा. त्याची बायको सत्यशीलाबाई अशा वेळी दोन पावलं मागं राहायची, जणू हा माणूस ओळखीचाच नाही.

याच गर्वापायी त्याच्या हातून नऊ वर्षांचं झाड जाणार होतं.

झाड मूळचं कुरियनचं. कुरियन म्हणजे भट्टीवरचा त्याचा जोडीदार. रिटायर होऊन केरळात आपल्या गावी निघाला तेव्हा त्यानं तेजरामच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत एक बी होतं, तपकिरी, चकचकीत, अंगठ्याएवढं.

"मुट्टपळम," कुरियन म्हणाला. "मुट्टा माने अंडा, पळम माने फल. पहला फल आएगा तो खाके मेरेको बताना."

"अंडं?" सत्यशीलाबाईनं तिथंच नाक मुरडलं. तिच्या स्वयंपाकघरात अंड्याला जागा नव्हती, मग ते झाडाला लागो नाहीतर कोंबडीला.

तेजरामनं बी कारखान्याच्या क्वार्टरच्या मागं, कपडे धुवायच्या दगडाजवळ लावलं. उन्हाळ्यात रोपावर ओलं पोतं बांधलं, नळ आला की घरातल्या भांड्यांआधी त्याला एक बादली दिली. झाड वाढलं, पण ओळखणार कोण? पानं पाहून शेजारचे श्यामराव म्हणाले, आंबा आहे. मुलीनं, गुंजननं, मोबाईलवर फोटो टाकून विचारलं, तर मोबाईल म्हणाला, महुआ! झालं. क्वार्टरात मोहाचं झाड लावलं म्हणून सगळी गल्ली तेजरामला विचारायला लागली, "काय फुंडेजी, दारू कधी गाळता?" तो तणतणला, पण बादली काही थांबली नाही.

दर नाताळात कुरियनचा फोन यायचा. "फल आया क्या?"

"अभी नहीं, भाई."

अशी वर्षं गेली. तेजराम स्वतः रिटायर झाला, जवळच्या जुनवानीत दोन खोल्या बांधल्या, फेब्रुवारीच्या शेवटी क्वार्टर सोडायचं ठरलं. आणि नेमकं त्याच साली झाडाला पाच फळं धरली. लांबोळकी, खाली टोक असलेली. तेजराम रोज जाऊन त्यांच्याशी बोलून यायचा.

क्वार्टर आता भूपेंद्रला मिळणार होतं. कारखान्यात नवा लागलेला, घरात मराठी, बाहेर हिंदी बोलणारा तरुण पोरगा. हातात टेप घेऊन आला, मागं मोजमाप केलं आणि म्हणाला, "काका, इथं गाडीसाठी शेड टाकतो. ये पेड़ तो जाएगा."

तेजराम झाडाच्या आडवा उभा राहिला. "थांब ना बापा. फळ चाखून पाह्य, मंग बोल."

पोरगा मनाचा वाईट नव्हता. "तुम्हीच चाखून सांगा, काका. अच्छा निकला तो देखेंगे."

आता सगळं त्या पाच फळांवर आलं. तेजराम रंगाची वाट पाहत राहिला. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं नारिंगी झालं. मग एका सकाळी त्यानं भट्टीवरच्या आवाजात पुकारा केला, "झालं!"

पहिलं फळ तोडलं. सुरी घातली तर पांढरा चीक निघाला. तरी यानं मोठा घास घेतलाच. अरे देवा! जीभ आखडली, ओठ ओठाला चिकटले, आणि बायकोपोरीदेखत त्यानं तो घास थुंकला.

"मी तं आधीच म्हणून राहिली होती," सत्यशीलाबाई म्हणाली.

नऊ वर्षं! तेजरामला रडूच यायचं बाकी होतं, म्हणून तो रागावला. उरलेली चारही फळं ओरबाडून काढली, फेकायला निघाला, तर बायकोनं टोपली पुढं केली, "गायीले देऊ." मग त्यानं भूपेंद्रला फोन लावला आणि म्हणाला, "तोड बाबा. रविवारीच तोड."

त्याच संध्याकाळी कुरियनचा फोन. गुंजननं त्याला फळांचा फोटो आधीच पाठवून दिला होता.

"खाया? कैसा था?" म्हाताऱ्याच्या आवाजात असा आनंद होता की तेजरामच्यानं खरं बोलवेना.

"एकदम रसीला, भाई. साखरेवानी मीठा."

 पलीकडं कुरियन खोकला येईस्तोवर हसला. "तेजराम, उसमें रस होता ही नहीं!"

चोरी पकडली गेली. तेजरामनं कान धरून सगळं सांगितलं.

"रंग देखके खा लिया? भट्टी समझा क्या?" कुरियन म्हणाला. "चावल में दबाके रखो, पाँच-छह दिन. उबले आलू जैसा नरम हो जाए, तब खाओ."

तेजराम अनवाणीच बाहेर धावला. टोपली दारात होती. गल्लीतल्या गायीनं एक फळ हुंगून सोडून दिलं होतं. चारही तशीच होती.

फळं तांदळाच्या डब्यात गेली. भूपेंद्रला पुन्हा फोन. "रविवारी नोको. किल्ली द्याच्या दिवशी ये, सहा दिवसच तं आहेत."

"काका, मेरी गाड़ी धूप में खड़ी है," तो कुरकुरला, पण थांबला.

सहा दिवस तेजराम कोपरापर्यंत हात तांदळात घालून फळं दाबून पाहत होता. डब्यात डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. लोखंडाला ओळखणारा माणूस अंगठ्यानं चाचपडत होता आणि दरवेळी तोंड पाडून हात बाहेर काढत होता.

"कावून सारखे डब्यात हात घालून राहिले? मले भात टाकू द्या ना," सत्यशीलाबाई म्हणायची.

सहाव्या दिवशी सामान जुनवानीला गेलं. रिकाम्या क्वार्टरात डबा, एक सुरी आणि ही दोघं राहिली. भूपेंद्र आला. बाहेर झाड तोडणारा कुऱ्हाड मांडीशी टेकवून बिडी ओढत बसला होता. तेजरामनं हात घातला. अंगठा फळात अलगद रुतला.

सुरी फिरली. चिकाचा थेंब नाही. आत हळदीसारखा पिवळा, कोरडा, मऊ गर होता. सत्यशीलाबाईनं देवाचं नाव घेऊन चिमूटभर तोंडात टाकला, मग चांगली फोडच उचलली.

"अगं बाई," ती म्हणाली, "रताळ्यात खवा मळल्यावानी लागते!"

तेजरामनं खाल्लं आणि त्याचे डोळे भरून आले. आनंद तर झालाच, पण लाजही वाटली. नऊ वर्षं वाढवलेलं झाड खरं होतं, आणि यानं एका घासात त्याला खोटं ठरवलं होतं.

भूपेंद्रनं भिंतीला टेकून आपली फोड संपवली, सालीला लागलेलंही खरवडून खाल्लं.  तेजरामनं किल्ली पुढं केली.

पोरानं किल्ली खिशात टाकली. झाडाकडं पाहिलं, उन्हातल्या गाडीकडं पाहिलं.

"काका," त्यानं विचारलं, "पुढच्या साली फळं काढली की तांदळात किती दिवस ठेवायची?"

 तेजरामनं डब्यातलं आणखी एक फळ काढून भूपेंद्रच्या हातात दिलं आणि त्याचा अंगठा धरून त्यावर टेकवला.

"रंगावर जाऊ नोको, बेटा," तो म्हणाला. "मी गेलो होतो. हे दाबून पाह्य."

भूपेंद्रनं दाबून पाहिलं, मान हलवली, आणि कुऱ्हाडवाल्याला घरी पाठवायला बाहेर गेला.