दिवसाला एक मिलिमीटर

गारखेड्यातल्या समस्त रहिवाशांना, आप्तेष्टांना आणि बिळांत राहणाऱ्या उंदरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, माझ्या साडूंइतका उंदरांचा मान राखणारा माणूस या भूतलावर दुसरा झाला नाही. लोकांच्या बैठकीत लग्नाचा फोटो असतो. साडूंच्या बैठकीत चौकटीत बसवलेले, शाईत बुडवलेल्या उंदराच्या पावलांचे ठसे होते. "नातवानं काढलं का हो?" असं एका पाहुण्यानं कौतुकानं विचारलं, तेव्हा साडू म्हणाले, "नाही, तिसऱ्या पिंजऱ्यातल्यानं. आधी फरपटत चालायचा. आता बोटं कशी फाकवून टाकतो, बघा!" पाहुण्यानं चहा अर्धाच ठेवला.

तुटलेले मज्जातंतू पुन्हा जुळवणं हे साडूंचं प्रयोगशाळेतलं काम. दोन टोकांमध्ये अंतर पडलं की तंतू वाट चुकतो. म्हणून त्यांनी एक मऊ नळी केली होती. तिच्यात वाढीला चालना देणारी प्रथिनं भरायची. त्यांच्या ओढीनं तंतू नळीतून सरकत पलीकडे पोचतो आणि पुढे नळी आपोआप विरघळून जाते. त्या वर्षांत गारखेड्यात जिकडेतिकडे इमारती चढत होत्या. परांची दिसली की साडू स्कूटर थांबवून वर बघत बसायचे. एकदा मुकादम धावत आला.

"साहेब, महापालिकेतून आलात व्हय?"

"नाही. इमारत झाली की हे बांबू काढता ना?"

"मंग काय, शोभेला ठिवतो व्हय?"

"बरोबर. माझंही तसंच आहे," म्हणून साडू निघून गेले. मुकादम बराच वेळ डोकं खाजवत होता.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला ताई म्हणतो. ती घरी शिवणकाम करायची आणि तिच्या बोटांना गुलमंडीतले कापडवाले वचकून असत. नुसतं चिमटीत धरून ती सुतातली भेसळ सांगायची. एक दुकानदार तर हात जोडायचा, "बाई, आप आँखों से देखो ना, हाथ कायकू लगाते?"

दुष्काळ होता. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. अशाच एका सकाळी पाण्याच्या पिंपाची पत्र्याची कड ताईच्या मनगटात शिरली. जखम भरली असती. पण आतला मज्जातंतू तुटला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. सुई धरली तरी तिला कळेना.

डॉक्टर म्हणाले, पायातला एक तंतू काढून इथे जोडू. मी साडूंना बाजूला घेतलं. "तुमची नळी कशासाठी आहे मग?"

"ती उंदरांची आहे. माणसाला लावायची परवानगी नाही. काय होईल, मलाही माहीत नाही."

"अहो, बायको आहे तुमची!"

"म्हणूनच," ते म्हणाले. आयुष्यभराचं काम खिशात असून ते रिकाम्या हातानं उभे होते.

शस्त्रक्रिया झाली. तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. साडू रोज ताईच्या तळहातावर बोटांकडून मनगटाकडे टिचकी मारत सरकायचे आणि जिथे झिणझिण्या येतील तिथवर तंतू पोचला म्हणून बॉलपेननं खूण करायचे. शिवाय दर रविवारी डोळे मिटवून परीक्षा. ते बोटाच्या टोकाला दोरा टेकवायचे, ताईनं सांगायचं. सहाव्या महिन्यात ती प्रत्येक वेळी "कळलं" म्हणू लागली. मी पेढे आणले. साडूंनी मला गच्चीवर नेलं.

"आज मी दोरा टेकवलाच नव्हता," ते हळू आवाजात म्हणाले. "तरी कळलं म्हणाली. मला वाईट वाटू नये म्हणून."

तिला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. आपल्या वहीत प्रत्येक रविवारी प्रामाणिकपणे फुली मारली आणि तिच्यासमोर "छान" म्हणत राहिले. बायकोला फसवणारा आणि बायकोकडून फसणारा असा शास्त्रज्ञ मी दुसरा पाहिला नाही. त्या दिवसांत पावलांच्या ठशांकडे ते बघेनासे झाले.

मग एका रविवारी मी तिथेच होतो. ताई डोळे मिटून बसली होती. साडूंना दोरा काही केल्या सापडेना. शेवटी त्यांनी कंटाळून तिचं बधिर बोट नुसतंच आपल्या चिमटीत धरलं. ताईनं झटकन हात मागे ओढला, डोळे उघडले आणि ओरडली, "अहो, नखं कापा ना आधी, टोचतायत मला!"