बाहेरचं

बडनेऱ्याच्या तिकीट खिडकीमागे माझ्या शेजारी बसणारी दीपमाला फावल्या वेळात माणसं मारते. कागदावर. एक सावकार, दोन जावई आणि एक निरुपद्रवी पोस्टमन तिनं आजवर गारद केलेत. आणि समोरच्या प्रवाशाकडे बघून ती इतकं गोड हसते, की त्या बिचाऱ्याला काही कल्पनाच येत नाही.

नव्या कादंबरीवर मात्र तिचं घोडं अडलं. अकोल्याला जठारपेठेतले प्रकाशक ओमप्रकाशजी म्हणाले, नुसता खून आता कोणी वाचत नाही, त्यामागे काहीतरी बाहेरचं पाहिजे. बाहेरचं म्हणजे भूत, करणी, अंगात शिरलेलं काहीबाही. हे तिच्या वडिलांच्या, म्हणजे निवृत्त शिक्षक देवमन गुरुजींच्या कानावर गेलं आणि घर पेटलं.

"माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली अन् घरातून भूत हाकललं," गुरुजी म्हणाले, "अन् तू ते छापून परत आणून राहिली. प्रकाशनाले मी येणार नाही."

आजवर प्रत्येक प्रकाशनाला गुरुजी पहिल्या रांगेत असत. ते नसतील तर मला पुस्तकच नको, म्हणून ही बया खिडकीवर रडायला लागली. मला दोघांचाही राग आला.

मग एका रविवारी गुरुजींच्या पोटात कळा उठल्या. शेजारच्या सत्यवतीकाकू धावत आल्या. पांढराफटक चेहरा पाहून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "गुरुजी, बाहेरचं हाय काय?"

गुरुजींनी मान खाली घातली. "हो. बाहेरचंच हाय."

आता खरी गोष्ट अशी, की डॉक्टरांनी गुरुजींना बाहेरचं खाणं बंद केलं होतं आणि त्यांनी लेकीला चोरून चौकातल्या गाडीवरचे आलुबोंडे हाणले होते. त्यांनी कबुली दिली ती आलुबोंड्यांची. काकूंनी ऐकली ती भुताची. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की जन्मभर भूत नाही म्हणणाऱ्या गुरुजींनी शेवटी मानलं. काकू उतरवून टाकायला लिंबू घेऊन आल्या, गुरुजींनी त्याचं सरबत करून घेतलं. पण लाजेपायी खरं काही सांगेनात. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आलुबोंड्यांचा तेलकट कागद सापडलेली दीपमाला स्वयंपाकघरात ओढणी तोंडात कोंबून हसत होती, ती हसता हसता एकदम थांबली. तिला शेवट सापडला होता.

नव्या कादंबरीत बाळापूरकडचं अख्खं गाव म्हणतं, मेलेल्याला बाहेरचं झालं होतं. इन्स्पेक्टर मांत्रिकामागे वणवण फिरतो, आणि विष निघतं सख्ख्या भावानं आणलेल्या आलुबोंड्यात. पानोपानी बाहेरचं, म्हणून ओमप्रकाशजी खूश. गुरुजींनी वाचलं आणि आलुबोंड्याची कचोरी कर, लोक ओळखतीन, एवढंच म्हणाले. तिनं ऐकलं नाही. प्रकाशनाला येणार का, हे ते बोललेच नाहीत.

जठारपेठेत कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती. बोलताना दीपमालाचं लक्ष सारखं तिकडेच, आणि माझं दाराकडे. तेवढ्यात गुरुजी आत आले. मागून सत्यवतीकाकू, गुरुजींना झालं होतं तेच यात लिहिलंय, असं दिसेल त्याला सांगत. गुरुजी खुर्चीकडे न जाता सरळ माईकशी गेले.

"मले झालं ते बाहेरचंच होतं," ते म्हणाले. "आलुबोंडा होता. तो कोण्या भुतानं नाही चारला, मीच तोंडात घातला. माह्या पोरीनं हेच लिहलं हाय."

मग ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.