पोचल्यावर कळव

आमच्या सर्व्हरवर येणारी एक रिक्वेस्ट मध्येच कुठेतरी हरवत होती. अशा वेळी आम्ही प्रोग्रामर तिच्या वाटेवर, म्हणजे कोडमध्ये, जागोजागी एकेक ओळ पेरून ठेवतो: ‘आत आली’, ‘ओळख पटली’, ‘माहिती मिळाली’. ती जिथवर पोचेल तिथवरच्या ओळी पडद्यावर उमटतात. आज दुसरी ओळ उमटली, तिसरी काही येईना. कोड वाचत त्या रिक्वेस्टच्या मागोमाग जाताना मला उगाचच तिची काळजी वाटायला लागली.

उगाचच कशाला? माझी लेक आज पहिल्यांदा एकटी नागपूरला निघाली होती. “प्रत्येक स्टेशनवर मेसेज कर,” मी बजावलं होतं. “आई, काय गं हे!” म्हणाली, पण करत होती.

दुपारी चूक सापडली. रिक्वेस्ट शेवटपर्यंत गेली आणि उत्तर घेऊन सुखरूप परतली. शेजारचा समीर म्हणाला, “चालतंय ना आता? मग त्या ओळी काढून टाक.” आमची रीतच आहे तशी. वाट नीट झाली की पहारा उठवायचा. एकेक ओळ पुसताना हात रेंगाळला खरा.

मग लेकीला लिहिलं, ‘आता फक्त पोचल्यावर कळव.’

तासाभराने फोन वाजला. ‘भुसावळ आलं गं, आई.’