सगळा आवाज उजवीकडून

मेव्हण्याची पुण्याला बदली झाली तेव्हा त्याने त्याचं होम थिएटर आम्हाला देऊन टाकलं. आवाज वाटून देणारा रिसीव्हर, पाच स्पीकर आणि एक जाडजूड वूफर. मानपाड्याच्या आमच्या छोट्या हॉलमध्ये ते मावणार कसं, याची बायकोला काळजी. मी मात्र खूश होतो. शहाडच्या चाळीत आमच्याकडे टीव्हीच उशिरा आलेला, आणि तोही खरखरणारा. आता चारी बाजूंनी आवाज येणार होता.

रविवारी सकाळी बायकोची बुद्धवंदना झाली, नाश्ता उरकला आणि मी वायरी घेऊन बसलो. वायरींशी माझं जमतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. पंप, मोटारी, कॉम्प्रेसर यांच्यात वीस वर्षं गेली. बेअरिंग जायला आलं की कोणत्या मशीनचं ते मी दुरून, नुसत्या आवाजावर सांगायचो. पुढे दोन स्पीकर, टीव्हीखाली एक, सोफ्यामागे दोन असे लावले आणि टेस्ट टोन सुरू केला. टोन म्हणजे नळातून हवा सुटावी तसा फस्स आवाज. तो एकेका स्पीकरमधून फिरतो आणि कोणता चालू आहे त्याचं नाव टीव्हीवर येतं.

टीव्हीवर ‘लेफ्ट’ आलं आणि आवाज उजवीकडून आला.

वायरी उलट लागल्या असणार म्हणून मागे जाऊन बघितलं. सगळं बरोबर होतं. पुन्हा लावलं. मधला स्पीकरही उजवीकडून, सोफ्यामागचा डावाही उजवीकडूनच, फक्त जरा दबका. मग मी मोड बदलायला लागलो. एका मोडमध्ये आलेला आवाज आहे तसा पुढच्या दोन स्पीकरना जातो, एकात रिसीव्हर स्वतःच अंदाज बांधून तो पाचांत वाटतो, एकात सगळ्या स्पीकरमधून सारखाच आवाज येतो. एक जुनं गाणं लावून मी हे मोड तीन-तीनदा फिरवले. कुठलाही लावा, गाणं उजव्या भिंतीला चिकटलेलं. टेस्ट टोनचा मोडशी काही संबंध नसतो, हे खरं तर मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

बायको हात पुसत बाहेर आली. मी म्हटलं, रिसीव्हर खराब निघाला, तुझ्या भावाला फोन कर. ती म्हणाली, मला तर सगळीकडून येतंय. सोफ्यावर बसून तिने डोळे मिटले आणि मी टोन लावला तसं प्रत्येक वेळी बरोबर त्या स्पीकरकडे बोट केलं. पाचपैकी पाच.

"आता तुम्ही बसा," ती म्हणाली.

मी डोळे मिटून बसलो आणि आवाज येईल तिकडे बोट करत गेलो. टोनची एक फेरी संपली. पाचही वेळा बोट उजवीकडेच गेलं.

"डोळे उघडू नका," ती म्हणाली. मग बराच वेळ शांतता. मी विचारलं, काय चाललंय, सुरू कर ना. तिचा आवाज बदललेला होता. "अहो, मी केव्हाची तुमच्या डाव्या कानापाशी बोटावर बोट घासतेय."

डोळे उघडले तर तिचा हात माझ्या कानाला जवळजवळ टेकलेला होता.

गुरुवारपासून तो कान भरल्यासारखा वाटत होता, हे मला तेव्हा आठवलं. सर्दी असेल म्हणून मी वाफ घेतलेली. फोन नेहमी उजव्या कानाला, त्यामुळे काही कळलंच नव्हतं. बहिरा झालो तर, हा विचार नंतर आला. आधी वाटलं, डोक्यात काहीतरी फुटलंय. बायकोने लगेच फोनाफोनी केली. माजिवड्याच्या एका हॉस्पिटलात कानाचे डॉक्टर दुपारपर्यंत असतात असं कळलं, आणि आम्ही रिक्षा करून निघालो. सबंध रस्ता ती माझ्या डावीकडे बसून काहीतरी बोलत होती. मी हं हं करत होतो. मला त्यातलं काही कळलं नाही, आणि ते तिला सांगायची हिंमतही झाली नाही.

डॉक्टरीण बाईंनी चिमट्यासारखा वाजणारा ट्यूनिंग फोर्क कपाळावर टेकवून तपासलं, मग काचेच्या खोलीत बसवून दोन्ही कानांची टेस्ट घेतली. कागदावर उजव्या कानाची रेष वर होती आणि डाव्याची पार खाली. असं अचानक होतं, त्या म्हणाल्या, बरेचदा कारण सापडत नाही. चौथ्या दिवशी आलात हे बरं केलंत. स्टिरॉइडच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि एक एमआरआय.

"तो कशाला?" मी विचारलं.

"कानाच्या नसेवर गाठ नाही ना, तेवढं बघून घेऊ."

गाठ हा शब्द मला उजव्या कानाने स्वच्छ ऐकू आला.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी नीट जेवलो नाही. घरात बसून भीती वाढते म्हणून बुधवारी कामावर गेलो, कोणाला काही न सांगता. तीच चूक झाली. पंप हाऊसकडे जाताना फोर्कलिफ्टचा रिव्हर्सचा बीप ऐकू आला, उजवीकडून. म्हणून मी डावीकडे सरकलो. फोर्कलिफ्ट डावीकडेच होती. ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा तिचा मागचा लोखंडी भाग माझ्या कमरेपासून वीतभर लांब होता. त्याने शिव्या घातल्या असाव्यात; पंपांच्या आवाजात मला फक्त त्याचं तोंड हलताना दिसत होतं. मी तिथेच एका ड्रमवर बसलो आणि थोड्या वेळाने मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. आता नोकरी जाणार, हे मनात धरूनच गेलेलो. त्यांनी ऐकून घेतलं, कानाचा कागद मागितला आणि म्हणाले, डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर मशीनकडे फिरकायचं नाही.

एमआरआयमध्ये गाठ निघाली नाही. रिपोर्ट हातात घेऊन बायको हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसली आणि रडली. इतके दिवस ती रडली नव्हती.

गोळ्यांनी थोडं परत आलं. दुसऱ्या आठवड्यात वूफरची घुमघुम डाव्या बाजूलाही जाणवायला लागली, मग पुरुषांचे आवाज. बारीक आवाज आले नाहीत, आणि आता येणार नाहीत असं डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं. त्या जागी एक शिट्टी राहिली आहे, अखंड. मी आता प्लॅनिंगच्या टेबलावर बसतो. कोणत्या मशीनचं बेअरिंग जातंय, ते दुसरे लोक येऊन मला सांगतात.

घरी बायको हाक मारते तेव्हा मी अजून चुकतो. ती किचनमधून बोलावते आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. सुरुवातीला ती हसायची. एकदा माझा चेहरा पाहून थांबली. हल्ली हाक मारली की पाठोपाठ सांगते, "मी किचनमध्ये आहे," आणि मी येईपर्यंत बोलत राहते.