तात्यांची दाढी उतरवायला कुंडलला

काकींचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या घरी बेसिनसमोर उभा राहून दोन्ही हातांनी गाल ओरबाडत होतो. नव्याने दाढी वाढवायला घेतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पहिले काही आठवडे माणूस ऑफिसात असो की लग्नाच्या पंगतीत, हात आपोआप हनुवटीवर जातो.

"सुरेश, दाढी वाढवलीस म्हणं?"

"हो काकी. फोटो बघितला का?"

"बघितला. वाईट दिसतीया. पर ते जाऊ दे. तू हिकडं ये आन ह्यांची दाढी तेवढी उतरीव. तुलाबी दाढी हाय, तुझं तरी ऐकत्याल."

'हे' म्हणजे माझे धाकटे चुलते, तात्या. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावी येऊन ऊस करायला लागले तरी सकाळी चहाच्या आधी दाढी, हा नियम मोडला नाही. शेतात जायचं असलं तरी गाल गुळगुळीत. आणि काही वर्षांपूर्वी याच माणसाने एका सकाळी वस्तरा फळीवर ठेवला तो ठेवलाच. गावात म्हणायचे, नवस आहे. कसला ते विचारायची कुणाची टाप नव्हती.

आता दाढीखालची कातडी चिघळली होती. सांगलीत विश्रामबागला असलेल्या कातडीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, बुरशी आहे, मलम कातडीला लागलं पाहिजे, त्यामुळे आधी दाढी काढा. तात्या तिथून उठून आले ते परत गेले नाहीत. मी शनिवारी बाईकला किक मारली.

साताऱ्याहून निघणाऱ्यांसाठी दोन शब्द. हायवेवर सहापदरीचं काम चालू आहे, त्यामुळे जागोजागी वळवलेला रस्ता आणि पिठासारखी धूळ. दाढी असेल तर हेल्मेटच्या आत रुमाल बांधाच. मी बांधला नाही. उंब्रजपर्यंत हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली असा काही चावायला लागला की एका हाताने हँडल आणि एका हाताने खाजवणं असा प्रकार सुरू झाला. शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "पावणं, मुंग्या शिरल्या काय?"

मलकापूरला थांबलो. एका धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली, दीडशे रुपयांत पोट गच्च. तोंड साध्या पाण्याने धुतलं, खिशातल्या बाटलीतलं दाढीचं तेल चार थेंब घेऊन मुळापर्यंत चोळलं. खाज बसली. अंगाचा साबण दाढीला लावू नका, कातडी कोरडी पडते आणि मग आणखी खाजते. धुऊन झाल्यावर टॉवेलने घासू नका, नुसतं टिपा. एवढं शिकायला मला पुष्कळ दिवस लागले, तुम्ही फुकटात घ्या.

कराडहून शेणोली, ताकारीवरून कुंडल. हा रस्ता मला हायवेपेक्षा कितीतरी आवडतो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच पाणी सोडल्याचा वास, आणि वळणावळणावर सैन्यभरती अकॅडमीचे फलक. त्यांवरची पोरं छाती काढून उभी. तात्यांच्या रणजितचाही फोटो एकदा असाच एका फलकावर लागला होता. शाळेपासून तो पळण्यात पहिला. आता सांगलीत विश्रामबागला पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीत काम करतो, तिथेच खोली घेऊन राहतो आणि घरी येतो ते दिवाळीला. मी एकदा त्याला यावरून छेडलं होतं. तो म्हणाला होता, "दादा, मी भरती झालो न्हाई म्हणून बाप गोसावी झालाय. ते त्वांड रोज बघायचं व्हय मी?"

तात्या ओट्यावरच बसले होते. पांढरी दाढी छातीपर्यंत, आणि ती धरून सावकाश खाजवणं चाललेलं. मला बघून हसले. "ये ये. आता आपली दोघांची पलटण झाली."

चहा झाल्यावर मला घेऊन उसात गेले. उसाच्या पानाला बारीक लव असते, कूस म्हणतात तिला. ती उघड्या हाताला लागली तरी तासभर आग होते. तात्यांच्या दाढीत ती अडकून बसत होती. बांधावर बसून ते फणीने दाढी विंचरायला लागले तेव्हा मला आतली कातडी दिसली. लाल, ओली, जागोजागी नखांचे ओरखडे. माझी खाज हौसेची होती, ही बघवत नव्हती.

मी तेलाची बाटली पुढे केली. त्यांनी वास घेतला, चार थेंब दाढीत चोळले. "अत्तर हाय का काय? लगीन ठरलंय व्हय माझं?"

"आवं तात्या, मस्करी सोडा. डॉक्टर म्हणतात तर काढून टाका ना. कसला नवस आहे? देवाला मी सांगतो."

"नवस न्हाई रं."

सूर्य उसाच्या तुऱ्यांमागे गेला होता. तात्यांनी फणीतले केस काढून मातीत टाकले आणि शेताच्या टोकाकडे बघत बोलायला लागले.

"तवा आपला ऊस वाळत चालला हुता. तोडणीची टोळी येती येती म्हणून मुकादमानं लय दिवस झुलीवलं. आन आली कवा? रन्याची कोल्लापुरात भरती, त्याच्या आदल्या सांजंला. म्हणला, उद्या उजाडता तोड. घरचं कोणतरी फडात पायजे. माझी कंबर धरलेली, उठता येत न्हवतं."

"मग शेजारच्या आबांना सांगायचं."

"तेच तर. आबाचं आन माझं बांधावरनं बोलणं बंद हुतं. त्याच्या दारात कोण जाणार? मी रन्याला म्हणलं, भरती काय पळून जाती व्हय? फुडच्या वर्षी हाय की. पोरगं उठलं. पिशवी भरून ठेवली हुती ती सोडली आन कोयता घिऊन फडात गेलं."

पुढचं मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी भरती निघालीच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. निघाली तेव्हा रणजितचं वय उलटून गेलं होतं.

"फौजेत सकाळी दाढी करताना वाटायचं, आपण कोणतरी हाय," तात्या म्हणाले. "पोराचा मान म्या आबाच्या दारात जायला लागू नये म्हणून घालीवला. मग मी कुठल्या तोंडानं गाल तासू? रन्याला यातलं काय बोलायचं न्हाई. तुला आण हाय."

मी मान हलवली. रात्री काकींनी ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. मी अर्ध्या भाकरीवर उठलो. तात्या मात्र मजेत जेवले. निदान विश्रामबागला दाखवून तरी येऊ, या माझ्या हट्टाला "बरं, तुझ्या गाडीवरनं फिरून येतो," एवढंच म्हणाले.

रविवारी सकाळी पलूस, वसगडे, नांद्रे करत सांगली गाठली. माधवनगरनंतर गर्दी लागते, वेळ हाताशी ठेवा. डॉक्टरांचा दवाखाना रविवारी दुपारपर्यंत असतो. तात्यांना बाकावर बसवून नंबर लावला आणि रणजितला फोन केला. तो समोरच्या चहाच्या गाड्यावर आला. केस अजूनही फौजी, बारीक कापलेले. दाढी गुळगुळीत.

मी आण मोडली. सगळं सांगितलं. टोळी, आबा, कंबर, वस्तरा. तो चहाचा ग्लास हातात धरून ऐकत राहिला. चहावर साय आली तरी त्याने घोट घेतला नाही.

"म्हंजी माझ्यावर राग न्हाई?"

"नाही रे. स्वतःवरच आहे."

"इतकी वर्सं मी दिवाळीला पाठ करून जेवलो, दादा."

मग ग्लास तसाच ठेवून तो रस्ता ओलांडून दवाखान्यात शिरला. मी मागोमाग. तात्या त्याला बघून गडबडले, हात दाढीवरून खाली घेतला. रणजित त्यांच्या शेजारी बसला. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "तात्या, एक सांगायचं हुतं. त्या वर्षी भरतीच्या आधी माझा गुडघा सुजला हुता. पळता येत न्हवतं. गेलो असतो तरी पडलोच असतो. टोळी आली ते बरंच झालं म्हणायचं."

तात्या त्याच्याकडे वळले.

"आन आज सांगतोस व्हय रं?"

"तुमी वरडशीला म्हणून गप बसलो."

"कंचा गुडघा?"

"उजवा."

तात्यांनी हळूच हात पुढे केला आणि त्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. शेजारी बसलेल्या बाई आपल्या मुलीला म्हणाल्या, "सरक, बाबांना नीट बसू दे." तेवढ्यात आमचा नंबर पुकारला, पण तात्या उठले आणि उलट दाराकडे चालायला लागले. "आदी हे काढून यीवू," ते म्हणाले. "मलम कुठं लावणार न्हाईतर?"

चौकातल्या सलूनमध्ये मशीन दाढीवरून फिरलं. आतून जो चेहरा बाहेर आला तो मी ओळखीचा समजत होतो, पण नव्हता. गाल आत गेलेले, हनुवटी लहान झालेली, ओठांच्या कडा खाली ओढलेल्या. दाढीआड माणूस इतका म्हातारा होऊन गेला होता आणि आम्हा कुणाला पत्ता नव्हता. रणजित आरशात बघत उभा होता. त्याने बापाच्या मानेवरचे केस रुमालाने झटकले. मला फार वाईट वाटलं. एका फोनवर होणारं काम होतं, कुणीच फोन केला नाही, मीसुद्धा नाही.

डॉक्टरांकडचं आटोपल्यावर रणजितने आईसाठी भडंग घेतला आणि तात्यांना कुंडलच्या एसटीत बसवलं. खिडकीची जागा धरून दिली. बस वळेपर्यंत तात्यांचा हात खिडकीबाहेर होता.

मी हेल्मेट चढवता चढवता विचारलं, "आता गुडघा कसा आहे रे? एक्सरे काढलास का कधी?"

रणजित पार्किंगच्या पावतीची सुरळी करत होता. "कुठला गुडघा, दादा? त्या वर्षी माझ्याफुडं कोण टिकत न्हवतं. अकॅडमीचे सर म्हणायचे, तू नुसता उभा ऱ्हा, घेत्यात तुला."

तो माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "सावकाश जा. पेठनाक्याला धूळ लय हाय." आणि कामावर निघून गेला.

साताऱ्यात आल्यावर त्याच रात्री मी माझीही दाढी उतरवली. खाज गेली. काय मिळवलं या प्रवासात, विचाराल तर खरंच सांगता येत नाही. तात्यांचे गाल भरून आले, काकी खूश आहेत, दर रविवारी रणजित घरी जेवायला जातो. पण मी आण मोडली नसती तर त्याला ते खोटं बोलावं लागलं नसतं, असं मधूनच वाटत राहतं. इथे सगळ्यांची नावं बदलली आहेत. तात्या मोबाईलवर फक्त हवामान बघतात, त्यांना हे दिसायचं नाही.

परवा त्यांचा फोन आला होता. आवाज एकदम पहिल्यासारखा, परेडवरचा.

"सुऱ्या, तुझं ते दाढीचं तेल लय गुणाचं हुतं. तसं गुडघ्याला चोळायचं कायतरी चांगलं बघ की तुमच्या साताऱ्यात. पोरगं सांगत न्हाई, पर जिना चढताना मी बघतोय, उजवा पाय जपून टाकतंय."

संध्याकाळी पोवई नाक्यावर जाऊन गुडघ्याच्या तेलाची एक बाटली घेतली आणि रणजितच्या पत्त्यावर पाठवून दिली.