श्रावणातल्या फुल्या

कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल परवा हाताला लागली आणि मरोळच्या कारखान्यातला तो मेडिकलचा फॉर्म आठवला. दारू किती पिता, आठवड्यातून कितीदा, मनात आलं तर सोडू शकता का, असलं सगळं त्यात विचारलं होतं. फॉर्म मी घरी आणला, तेव्हा बायको हाताला खोबरेल चोळून अळूचे देठ सोलत बसली होती. शेवटच्या प्रश्नापुढे मी ठळक ‘हो’ लिहिलं आणि तिला ऐकवलं, “दरवर्षी श्रावणात एक थेंब घेत नाही. मग मी बेवडा कसा?” तिने मान वर न करता विचारलं, “मग कॅलेंडरवर रोज फुली कोण मारतं रे?” मी म्हटलं, “ते मासळीसाठी.” “मासळी तर मी पण सोडते. मी नाय दिवस मोजत.” कॅलेंडरवर बारा फुल्या होत्या. सोडली होती हे खरं, मोजत होतो हेही खरं. ‘हो’ ठेवावं की खोडावं, काही कळेना. शेवटी ते खोडलं आणि जागा तशीच मोकळी ठेवून फॉर्म दिला. हल्ली मी फुल्या मारत नाही. काल शेजाऱ्याने जिन्यात सहज विचारलं, श्रावण कधी संपतोय, आणि माझ्या तोंडून लगेच निघालं, “अजून सतरा दिवस.”